लाउरेल गल्लीत, उभ्याउभ्या

लोग्रोन्योत रात्रीचं जेवण एका जागी बसून होत नाही. उत्तर स्पेनमधल्या रिओहा प्रांताचं हे राजधानीचं शहर. त्याच्या जुन्या भागातली काये लाउरेल ही गल्ली इतकी चिंचोळी, की समोरासमोरच्या बारमधली गर्दी रस्त्यातच एकमेकांत मिसळते. एका बारमध्ये एक ग्लास वाइन, सोबत त्या बारची खासियत असलेला घासभर पदार्थ, म्हणजे पिंचो, आणि मग पुढचा बार, असा इथला रिवाज. खांद्याला खांदा लावून प्यायचं. पाठीवर शिंपला बांधलेले, सांतियागोच्या वाटेवरचे यात्रेकरूही त्यात असतात.

सुरुवात कोवळ्या लाल वाइनने केली. जांभळट रंग, ताज्या फळांचा वास, लाकडाचा स्पर्शही नाही. घोस न चिरडता अख्खेच टाकीत आंबवायची ही जुनी शेतकरी पद्धत. एके काळी रिओहाची बहुतेक वाइन थोड्याफार फरकाने अशीच असे. ती कातडी बुधल्यांतून हिंडायची आणि फार काळ टिकायची नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मानुएल किन्तानो या धर्मगुरूने फ्रान्समधल्या बोर्दोची पिंपात मुरवायची रीत इथे आणली. त्यावर स्थानिक कारभाऱ्यांनी ठरवलं, की वाइन कशीही बनवा, भाव सगळ्यांना एकच. मग पिंपांचा खर्च कोण करणार? प्रयोग तिथेच बुडाला. असला सरकारी शहाणपणा आपल्याला नवा नाही.

बार सोरियानोत मिळतात फक्त अळंब्या. लोखंडी तव्यावर त्या लसणाच्या तेलात चुरचुरत असतात. पावाच्या तुकड्यावर एकावर एक तीन अळंब्या, माथ्यावर छोटी कोळंबी, आणि सगळं आरपार टोचून धरणारी एक काडी. तेल पावात मुरतं, बोटांवरून मनगटापर्यंत ओघळतं. यासोबत मी क्रिआन्सा मागितली. क्रिआन्सा म्हणजे दोन वर्षं मुरलेली, त्यातलं निदान एक वर्ष 225 लिटरच्या ओकच्या पिंपात काढलेली लाल वाइन. अमेरिकन ओकमुळे तिला व्हॅनिलाचा आणि सुक्या खोबऱ्याचा वास येतो. तेम्प्रानियो द्राक्षाचा आंबटपणा लसणाच्या तेलाला बरोबर कापतो. त्या रात्री चाखलेल्या सगळ्या वाइन्समध्ये जेवणाशी इतकी जुळणारी दुसरी नव्हती.

गर्दीतून मोकळं व्हायला एस्पोलोन चौकात गेलो. तिथे जनरल एस्पार्तेरो घोड्यावर बसलाय. स्पेनचा कारभार हाकणारा हा माणूस 1843 मध्ये सत्ता गमावून लंडनला परागंदा झाला. त्याच्यासोबत लुसियानो दे मुरिएता हा तरुण अधिकारी होता. परतल्यावर मुरिएता बोर्दोला जाऊन वाइन शिकला, आणि 1852 मध्ये त्याने एस्पार्तेरोच्याच लोग्रोन्योतल्या तळघरात पिंपात मुरवलेली वाइन काढून क्यूबाला पाठवली. किन्तानोचं राहिलेलं काम असं एका पदच्युत सेनापतीच्या आसऱ्याने तडीला गेलं.

पण रिओहाचं नशीब खरं उघडलं ते शेजाऱ्याच्या संकटाने. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने फ्रान्समधल्या वेलींची मुळं खाऊन टाकायला सुरुवात केली. मग वाइनसाठी बोर्दोचे व्यापारी एब्रो नदीच्या खोऱ्यात, म्हणजे रिओहात, उतरले. 1863 पासून बिल्बाओची रेल्वे रिओहातल्या आरो गावावरून धावत होतीच, त्यामुळे स्टेशनला लागूनच वाइनची कोठारं उभी राहिली. त्यातली लोपेस दे एरेदियासारखी काही आजही चालू आहेत. पुढे 1899 मध्ये ती कीड रिओहातही पोचली. उपाय एकच होता, अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचं कलम. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे समजावून सांगायला नको. त्याचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकनच, फक्त तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी लावलेला.

सान हुआन गल्लीत शेवटी रेसेर्वा घेतली. हिची मुदत तीन वर्षांची. कडा विटकरी झालेल्या, चामड्याचा आणि तंबाखूचा वास, तुरटपणा निवलेला. वाइन उत्तम होती, पण शेजारी कुणी मोठ्याने गात असताना तिचं काही कळत नाही. पाच वर्षांच्या ग्रान रेसेर्वाचं तर बोलायलाच नको. कोपर लागून सांडेल अशा जागी ती मागणं म्हणजे पैशांची उधळण.

तेव्हा लोग्रोन्योला गेलात, तर रात्री आठच्या आधी लाउरेलमध्ये पाऊल टाकू नका आणि जेवून तर मुळीच जाऊ नका. बाटलीची मागची चिठ्ठी बघा: हिरवी म्हणजे साधी, लाल म्हणजे क्रिआन्सा, गर्द लाल रेसेर्वा, निळी ग्रान रेसेर्वा. गल्लीत लालच घ्या. निळी दुसऱ्या दिवशी आरोला जाऊन, निवांत बसून प्या.