डावा हात

इच्छापोरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक म्युझिक ग्रुप जमतो. ग्रुप म्हणजे काय, सुट्टीत घरी आलेली सहा-सात पोरं. नाव नाही, फी नाही, कार्यक्रम तर नाहीच. कुणी खानदेशातलं, कुणी ओडिशातलं, दोघं इथलेच सुरती. आमच्या बहुतेकांचे वडील हजिऱ्याच्या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या कारखान्यात. खाली हजिरा रोडवर ट्रेलर धडधडत असतात, वर आम्ही.

डिसेंबरमध्ये मी मुंबईहून आले तेव्हा पहिला प्रश्न आला, "तू काय वाजवणार?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही आलं, "अरे, ती कॅथलिक आहे, गिटारच वाजवणार!" आपल्याबद्दल लोकांची ही एक ठाम समजूत असते. केक करता येतो आणि गिटार येते.

मला गिटार येत नाही. मी सात वर्षं व्हायोलिन शिकले. पप्पांची हौस. 'अमर अकबर अँथनी'तलं अँथनी गोन्साल्विस हे नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं आहे, ते गोव्याचे आणि प्यारेलालजींचे गुरू, हे त्यांनी मला मी पाचवीत असताना सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात क्लास लागला. क्लास सुरत शहरात, त्यामुळे नाइट शिफ्ट करून आलेले पप्पा झोप बाजूला ठेवून मला स्कूटरवर घेऊन जायचे.

तर मी व्हायोलिन घेऊन गच्चीवर गेले. दोन गिटार, एक कीबोर्ड, एक ढोलक आणि मी. खोटं कशाला बोलू, मला दाद हवी होती. नाताळच्या आदल्या शनिवारी बिल्डिंगमधले सगळे जमले तेव्हा मी शेवटच्या कॅरलमध्ये वरच्या तारेवर, अगदी टोकाला जाऊन वाजवलं. टाळ्या पडल्या. पप्पा मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मान डोलवत होते.

जेवताना म्हणाले, "मस्त वाजवलंस गं. फक्त मधेमधे थांबत का होतीस?"

मी कुठेच थांबले नव्हते.

मम्मीने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. रात्री तिने कपाटातून एक फाईल काढली. दरवर्षीच्या तपासणीचे कागद. प्रत्येकावर कानाचा आलेख. सुरुवातीच्या वर्षांत रेघ सरळ, मग 4000 हर्ट्झपाशी एक खड्डा, दरवर्षी थोडा खोल, थोडा रुंद. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की ऐकणं आधी इथेच जातं. कायद्यात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, कानात घालायला प्लगही मिळतात. पप्पा ते काढून ठेवायचे, कारण प्लग घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही.

व्हायोलिनचा मूळ स्वर इतका वर क्वचितच जातो. पण त्याची धार, त्याची चमक ज्या उपस्वरांत असते, ते नेमके या खड्ड्यात पडतात. त्यात बाजूला दोन गिटार चालू. 'स' आणि 'श'सुद्धा तिथेच हरवतात. टीव्ही एवढा मोठा का, फोनवर पप्पा नुसतं "हं हं" का करतात, सगळं मला एका कागदावर दिसलं.

मी सरळ जाऊन म्हटलं, "मी ग्रुपमध्ये दुसरं काहीतरी वाजवते. खालच्या आवाजाचं."

पप्पा भडकले. "मी काय बहिरा आहे? माझ्यासाठी काही सोडायचं नाही. सात वर्षं काय उगाच नेलं तुला?"

मग दोन दिवस आम्ही बोललोच नाही. खरं सांगायचं तर त्यांच्यावर दया दाखवताना मला स्वतःचाच राग येत होता. व्हायोलिन सोडायचं नव्हतंच मला. आणि दयेपोटी निवडलेलं वाद्य कुणाला ऐकवणार?

वाट अनपेक्षित ठिकाणी सापडली. ढोलकवाला पोरगा म्हणाला, "सगळं वरवरच वाजतंय यार, खाली काही नाहीच." बेस गिटार घ्यायला पैसे नव्हते. आणि मला उत्तनच्या घरातला माळा आठवला. आम्ही ईस्ट इंडियन. आमच्या लग्नात उंबराचं पाणी आणायला निघतात तेव्हा घुमट वाजतं. घुमट म्हणजे देवळाचं नव्हे. दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं मडकं, त्याच्या मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं. आजोबांचं घुमट माळ्यावर पडून होतं, कातडं फाटलेलं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लागायचं. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर ते चालत नाही, आता बकऱ्याचं लावतात. गोव्याने 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, आमच्याकडे मात्र ते माळ्यावर.

काकांनी कातडं बसवून दिलं. मे महिन्यात बोरिवलीहून फ्लाइंग राणीत बसले. मडकं मांडीवर. समोरच्या बाईंनी वापीपर्यंत धीर धरला, मग विचारलंच, "पाणी गार राहतं का यात?"

गच्चीवर मी ते गळ्यात अडकवलं. युट्यूबवर पाहून थोडी तयारी केली होती. उजव्या हाताने कातड्यावर थाप, डाव्या हाताने मागचं छोटं तोंड झाकायचं-उघडायचं, म्हणजे आवाज आत वळतो, गुंजतो. पहिलंच गाणं बरं गेलं असं मला वाटलं. ढोलकवाला खूश होता.

मागच्या खुर्चीतून आवाज आला, "डावा हात झोपलाय तुझा!"

सगळे वळले. पप्पा उठून पुढे आले. "तोंड नुसतं झाकून ठेवलंयस. सोड, धर, सोड. श्वास घेतल्यासारखं. परत वाजव." मी परत वाजवलं. "उशीर होतोय. थापेच्या आधी सोड." परत. पाचव्या वेळी ते काही बोलले नाहीत, नुसते बोटांनी खुर्चीच्या पाठीवर ठेका धरून उभे राहिले.

व्हायोलिन मी अजून वाजवते, मुंबईत, हॉस्टेलच्या जिन्यात. गच्चीवर घुमट.

सात वर्षं पप्पांनी मला क्लासला नेलं, प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक कार्यक्रमाला आले. दर वेळी म्हणाले, मस्त. त्या सात वर्षांत त्यांनी माझी एकही चूक काढली नव्हती.