इन्सुलीचा नाका आणि तापलेली गाडी

बांद्याहून सावंतवाडीकडे निघाले की मुंबई-गोवा महामार्गावर इन्सुली हे गाव लागते. गोव्याकडून येणाऱ्या वाहनांची येथे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नाक्यावर तपासणी होते. त्यामुळे बहुतेक प्रवाशांच्या स्मरणात हे गाव केवळ ‘नाका’ म्हणून राहते. मला मात्र ते वेगळ्या कारणाने आठवते. आमच्या जुन्या व्हॅनच्या दुखण्याचे निदान तेथे झाले आणि माझ्या उतावळेपणाचेही.

गेल्या जानेवारीत आई, पत्नी आणि मी गोव्यातील डिचोली तालुक्यात गेलो होतो. कुडणे येथील जांभ्या दगडातील जैन मंदिराचे भग्नावशेष आणि नार्वे येथील जैनकोट पाहावा, ही आईची फार दिवसांची इच्छा. ज्या भूमीत आज आपली वस्ती विरळ आहे तेथे एके काळी जिनमंदिरे उभी होती, हे त्या पडक्या भिंतींपुढे हात जोडताना मनाला स्पर्शून गेले. परतताना दोडामार्ग, बांदा असे करीत इन्सुलीला पोहोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. आईचे वय ब्याऐंशी. रात्रिभोजनत्यागाचा तिचा नियम पन्नास वर्षांत मोडलेला नाही. सूर्यास्तानंतर ती पाण्याचा थेंबही घेत नाही. सूर्य मावळायला जेमतेम सव्वा तास होता आणि सावंतवाडीतील एका परिचितांच्या घरी तिच्या जेवणाची व्यवस्था केलेली होती.

नाक्यावर रांग होती. गाडी बंद केली. पंधरा मिनिटांनी तपासणी आटोपली, चावी फिरवली, स्टार्टर जोमाने फिरला. पण इंजिन काही सुरू होईना. हे दुखणे नवे नव्हते. सकाळी थंड गाडी पहिल्याच फेऱ्यात सुरू होई. लांब पल्ल्यानंतर थोडे थांबून पुन्हा निघायचे म्हटले की ती हटून बसे. तासाभराने निमूटपणे चालू होई. गेल्या वर्षभरात प्लग बदलले, बॅटरी बदलली, इंजेक्टर साफ करून घेतले, एक सेन्सरही बदलला. प्रत्येक वेळी गाडी दुरुस्तीला पोहोचेपर्यंत थंड झालेली असे आणि तेथे शहाण्यासारखी सुरू होई. दोष सापडत नसे, पावती मात्र मिळे. बँकेत ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात. तसे हे दुखणे मी वर्षभर सस्पेन्समध्ये ठेवले होते.

जवळच्या एका दुकानदाराने फोन केला आणि दहा मिनिटांत स्कूटरवरून एक तरुण मेकॅनिक आला. मी म्हणालो, “जरा थंड होऊ द्या, मग बघा.” तो हसला. “नाय ओ काकानू. गरम आसा तवसरच बघूक होया. थंड झाली की ती खोटा बोलता.”

त्याने पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. स्टार्टर मंद फिरतो का? नाही. मंद फिरला असता तर बॅटरी, तिच्या वायरी किंवा स्टार्टरच पाहावा लागला असता. पेट्रोलचा वास, काळा धूर? नाही. तसे असते तर गळका इंजेक्टर किंवा तापलेल्या इंजिनाला थंड समजणारा तापमानाचा सेन्सर, म्हणजे पेट्रोल जास्त होण्याचे कारण. मग त्याने ठिणगी तपासली. ती व्यवस्थित होती. आता त्याने मला चावी ‘ऑन’वर तीन सेकंद ठेवून बंद करायला सांगितले, स्टार्टर न मारता, असे चार वेळा. दर वेळी टाकीतला पंप क्षणभर घुमत होता. पाचव्या वेळी स्टार्टर मारताच इंजिन सुरू झाले.

मी हुश्श केले आणि निघायची तयारी केली. तो म्हणाला, “आता बंद करा. गेज घेऊन येतंय.” माझा संताप अनावर झाला. चालू झालेली गाडी पुन्हा बंद करायची? सूर्य खाली येतोय, सावंतवाडी गाठायची आहे! तेव्हा मागच्या आसनावरून आई शांतपणे म्हणाली, “सावंतवाडी गाठायची असं मी कुठं म्हटलं? मला सूर्य गाठायचाय. डबा काढा.”

डब्यात दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, गाळून उकळलेले पाणी होते. रस्त्यालगतच्या झाडाखाली सतरंजी टाकून आई जेवायला बसली. माझी अडचण वेळेची नव्हतीच. मीच ती एका ठिकाणाला बांधून ठेवली होती.

तोवर मेकॅनिकने पेट्रोलच्या नळीला दाबमापक जोडला होता. पंप चालला की काटा तीन बारच्या जवळ जाई. बंद होताच पाच मिनिटांत शून्यावर येई. त्याने टाकीकडे परत जाणारी रबरी नळी चिमट्याने आवळली, तरी दाब पडला. मग पंप थांबताच इंजिनाकडे येणारी नळी आवळली; दाब टिकला. म्हणजे इंजेक्टर गळत नव्हते. दाब मागे, टाकीतल्या पंपाच्या एकमार्गी झडपेतून निसटत होता.

कारण त्याने सोप्या शब्दांत सांगितले. गाडी चालू असताना पाणी आणि वारा इंजिनाची उष्णता वाहून नेतात. गाडी थांबली की दोन्ही थांबतात, पण धातूत साठलेली उष्णता भोवती पसरतच राहते. व्हॅनचे इंजिन पुढच्या आसनांखाली कोंडलेले, त्यामुळे पहिला अर्धा तास नळ्या अधिकच तापतात. दाबाखालचे पेट्रोल द्रव राहते. दाब गेला की त्याची वाफ होते आणि इंजेक्टरला फवारायला पुरेसे पेट्रोल उरत नाही. सकाळीही दाब गेलेलाच असतो. पण वाफ नसते, म्हणून पंप क्षणात दाब भरून काढतो.

पंप त्याच्याजवळ नव्हता. त्याने निदान कागदावर लिहून दिले आणि घर गाठेपर्यंत चावीची तीच युक्ती करायला सांगितले. “दाबाखालची पेट्रोलची नळी गरम गाडीवर स्वतः सोडू नका,” अशी ताकीदही दिली. कोल्हापूरला पंप बदलला. त्यानंतर आजवर तक्रार नाही.

आपल्या शास्त्रात वस्तूचा विचार द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अपेक्षांनी करायला सांगितले आहे. पाठशाळेत हे पाठ केले होते. अर्थ इन्सुलीला उमगला. आम्ही वर्षभर फक्त द्रव्य बदलत होतो, एकामागून एक सुटे भाग. दोष कोठे, किती वेळाने आणि कोणत्या अवस्थेत प्रकटतो हे कोणी विचारले नव्हते. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. रागाच्या क्षणी काय झाले ते शांत झाल्यावर तपासतो आणि म्हणतो, दोष तर दिसत नाही.

आईने आचमन करून हात जोडले तेव्हा सूर्याची कोर झाडीवर होती. मेकॅनिकला मी दशमी देऊ केली. “आजीक इचारलात?” तो म्हणाला. आईने स्वतःच्या हाताने दोन वाढल्या.