तडजोडीचा कागद

सेवानिवृत्त माणसाला समाजकार्याची हौस फार, आणि समाजाला त्या हौसेची गरज असतेच असे नाही. हे ठाऊक असूनही आम्ही उभयतांनी २०२३ च्या जून महिन्यात कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नाव नोंदवले, ते वर्षभरासाठी. आम्ही दोघेही शिक्षक. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांतून आलेली दोन पिढ्यांची मुले आमच्या हातांखालून गेली. पण शिक्षकाला घर दिसते ते मुलाच्या डब्यातून आणि वह्यांतून. ह्या वर्षी ते आम्हांला कपाटातल्या कागदांतून दिसले.

रेल्वे स्थानकाजवळच्या दोन खोल्या, एक समुपदेशक भगिनी, आठवड्यातून एकदा येणाऱ्या वकीलबाई आणि मंगळवार-शुक्रवारी आम्ही दोघे. येणाऱ्यांपैकी निम्मे लोक भांडणासाठी नव्हे, तर दाखल्यांसाठी येत. आपल्या लोकांचा हा एक खास रोग आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आडनाव 'घोन्साल्विस', शाळेच्या दाखल्यावर 'गोन्सालविस', आधार कार्डावर तिसरेच काहीतरी. नवरा असेपर्यंत कुणाचे काही अडत नाही. तो गेला की बँकेतली खिडकी, सातबाऱ्यावरची वारसनोंद, विधवेचे अनुदान, सगळीकडे त्या एका अक्षराने वाट अडते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालत आली आहे आणि २०२३ मध्ये तिची मासिक रक्कम १,५०० रुपये झाली. त्या दीड हजारासाठी एक वृद्धा तहसील कार्यालयाच्या पायऱ्या किती वेळा चढली, हे तिच्या गुडघ्यांनाच विचारावे. वाचकहो, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा आणि दाखला हातात आला की नावाचे प्रत्येक अक्षर वाचून पाहा. दफनविधी झाला, सातव्या दिवसाची मिस्सा झाली, म्हणजे सर्व पार पडले असे समजू नका.

दारूविषयी लिहू लागलो तर अंक पुरायचा नाही. एवढेच सांगतो की बायका आमच्याकडे वारंवार एकच गोष्ट मागत : चहातून गुपचूप देता येईल असे औषध. हा प्रकार धोक्याचा आहे. अशा औषधावर माणसाने दारू घेतली तर जिवावर बेतू शकते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचे असते. आम्ही त्यांना अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांचा पत्ता देत असू. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेले हे कार्य मुंबईत १९५७ पासून चालू आहे. तिथे शुल्क नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे. घरच्यांसाठी 'अल-अॅनॉन'च्या निराळ्या सभा असतात. तिकडे जायला मात्र बायका कचरत. "मी कुठे पिते?" असे त्या विचारीत.

परंतु हा लेख लिहायला घेतला तो एका निराळ्या कागदासाठी.

पावसाळा सरता सरता एक तरुण स्त्री आली. लग्नाला अकरा वर्षे, दोन मुले, नवरा नोकरीत. तिने पिशवीतून शंभर रुपयांचे दोन मुद्रांक कागद काढून टेबलावर ठेवले. दोन्हींवर नवऱ्याने सही करून, यापुढे हात उचलणार नाही, असे लिहून दिले होते. खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या होत्या. "सर, बाई, तुम्ही शिकलेली माणसे. एक पक्का कागद करून द्या," ती म्हणाली. तिच्या डाव्या मनगटावर पट्टी होती. ती कशाची हे तिने सांगितले नाही. आम्हीही त्या दिवशी विचारले नाही.

असे कागद आपल्या समाजात घरोघरी निघतील. चार भली माणसे जमतात, चहा होतो, नवरा मान खाली घालतो, सह्या होतात आणि संसार वाचवल्याच्या समाधानाने मंडळी पांगतात. त्या भल्या माणसांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. पण असे वचन मोडल्यावर पुढे काय, ह्याचे उत्तर त्या कागदात नसते. वकीलबाईंनी तिला ते उत्तर असलेला कागद समजावून दिला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्याखाली दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देतात. तो मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अर्ज निकाली काढण्यासाठी कायद्याने ६० दिवसांची अपेक्षा ठेवली आहे. प्रत्यक्षात अधिक दिवस लागतात, हे वकीलबाईंनी तिच्यापासून लपवले नाही.

तिने लगेच होकार दिला नाही. आधी एक बैठक घ्या, म्हणाली.

बैठकीला नवरा आला, त्याची आई आली, दोन्हीकडचे चुलते आले. समुपदेशक भगिनींनी आरंभीच एक नियम सांगितला : मारहाण का केली, ह्याचे समर्थन येथे ऐकले जाणार नाही. खोलीत चुळबुळ झाली. एक चुलते म्हणाले, "मग बोलायचे तरी काय? टाळी एका हाताने वाजते का?" हा नियम भगिनींच्या मनचा नव्हता. ह्या कायद्याखाली न्यायालय समुपदेशन करायला सांगते, तेव्हा हिंसेचे समर्थन करू द्यायचे नाही, आणि हे नवऱ्याला आधीच सांगायचे, असे २००६ च्या नियमावलीत १४ व्या नियमात लिहिले आहे. भगिनी तोच दंडक आपल्याही बैठकींना लावीत. आम्ही शाळेत असंख्य भांडणे सोडवली, ती 'आधी कुणी मारले' ह्या प्रश्नाने सुरू करून. तो प्रश्न काढून घेतल्यावर खोलीत केवढी शांतता उरते, ते त्या दिवशी कळले. आमटी खारट झाली, उलट उत्तर दिले, माहेरी फोन केला, ही सारी कारणे ओठांवर येऊन परत गेली.

दुसऱ्या चुलत्यांनी मग विवाहसंस्काराचा दाखला दिला. तो संस्कार तुटत नाही, हे खरेच. पण कॅनन लॉच्या १९८३ च्या संहितेत ११५३ वा नियम आहे : जोडीदारामुळे दुसऱ्याच्या वा मुलांच्या आत्म्याला किंवा शरीराला गंभीर धोका होत असेल, तर वेगळे राहण्याचे ते वैध कारण ठरते, आणि विलंबात धोका असेल तर धर्माधिकाऱ्यांच्या निर्णयाची वाटही पाहावी लागत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' ह्या प्रबोधनपत्रात, दुर्बल जोडीदाराला आणि लहानग्यांना हिंसेपासून दूर नेण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिक दृष्ट्या आवश्यक ठरते, असे म्हटले आहे. चुलत्यांना हे नवीन होते. विवाहपूर्व वर्गात हे सांगतात का, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता.

शेवटी घराचा मुद्दा निघाला. घर सासऱ्यांच्या नावावर होते. नवरा म्हणाला, तिला जायचे तर तिने जावे. कायदा तसे म्हणत नाही. एकत्र नांदलेल्या घरात राहण्याचा हक्क कलम १७ ने स्त्रीला दिला आहे, आणि घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे आहे एवढ्याच कारणाने तो हक्क नाहीसा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सतीशचंदर आहुजा खटल्यात सांगितले. एवढेच नव्हे, गरज पडल्यास नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश कलम १९ प्रमाणे देता येतो.

तोवर भिंतीशी बसलेली त्याची आई एक शब्द बोलली नव्हती. तिने आमच्यातल्या बाईंच्या पदराला हळूच हात लावला आणि बाहेरच्या खोलीत नेले. "बाई, हा कायदा सासूला पण चालतो का?"

चालतो. एका घरात नात्याने राहणारी कोणतीही स्त्री त्याखाली दाद मागू शकते, आई मुलाविरुद्धही. आम्ही तसे सांगितले. ती बराच वेळ दाराकडे पाहत राहिली. मुलाने तिच्यावर किती वेळा हात टाकला, हे तिने सांगितले. आकडा येथे लिहवत नाही. सुनेला ते ठाऊक होते आणि सून ते कुठेही बोलली नव्हती.

पुढच्या आठवड्यात सासू-सून एकाच रिक्षातून संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेल्या. अर्ज सुनेच्या नावाने झाला. सासूने स्वतःचा अर्ज केला नाही, मात्र सुनेच्या बाजूने जबाब दिला. आमचे वर्ष २०२४ च्या मे महिन्यात संपले, तोवर आदेश झाला होता. नवरा वाडीतल्या विहिरीजवळच्या खोलीत राहत होता. सभांना जाऊ लागला होता, मध्येच दोन आठवडे चुकवीत होता. त्याचे जेवण आई नेऊन देत असे, आणि ताट परत आणायला कुणी जायचे ह्यावरून दोघींची रोज बोलाचाली होत असे.