शेडमध्ये एकच प्लग

मे सरत आला की मोरजीच्या किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात, होड्या वर ओढून चुडतांखाली झाकतात आणि माझ्याकडे घरगाड्या यायला लागतात. कोणी त्यांना कॅम्पर म्हणतं, कोणी मोटारहोम. बहुतेक टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि मालक पुण्या-मुंबईचे. हिवाळाभर मांद्रे-हरमलपर्यंत भटकून झालं की पाऊस संपेपर्यंत गाडी इथे ठेवून ते निघून जातात. मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. माझी जागा म्हणजे माडांत उभी केलेली पत्र्याची शेड, घरातून ओढलेली एक वायर, तिच्या टोकाला एक बोर्ड आणि सहा अँपिअरचा एमसीबी. त्याच वायरवर विहिरीचा पंप. एवढ्या विजेवर गाड्यांची रांग चार महिने जिवंत ठेवायची.

लोक आधी चार्जर किती मोठा ते विचारतात. मी आधी गळती शोधतो. सगळं बंद करायचं, बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची आणि मधे मल्टीमीटर लावायचा. घड्याळ, रेडिओची मेमरी, अलार्म, मालकाने कुतूहलाने बसवलेला जीपीएस ट्रॅकर असं मिळून ३० मिलिअँपिअर सहज निघतात. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दिवसाला तो ०.७२ अँपिअर-तास होतो आणि चार महिन्यांत ८६. म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी कोणी दिवाही न लावता जवळजवळ रिकामी. गॅसगळतीचा अलार्म याहून जास्त खातो. छोटा हिरवा दिवा लावून नुसताच चालू राहिलेला इन्व्हर्टर अर्धा-एक अँपिअर ओढत बसला, तर १५० ची ट्युब्युलर बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत खाली बसते. म्हणून निगेटिव्ह काढून ठेवणे हा माझा पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय. त्याला वीजच लागत नाही. ट्रॅकर बंद पडेल म्हणून काही मालक कुरकुरतात. गाडी कुलपात आहे, माझ्या दारात आहे, ट्रॅकरने काय वेगळं कळणार?

निगेटिव्ह काढली तरी बॅटरी आतल्या आत थोडी उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. तापमान दहा अंशांनी चढलं की हे उतरणं साधारण दुप्पट होतं, आणि मे महिन्यात पत्र्याखाली काय तापमान असतं ते विचारू नका. गास्तों प्लाँतेने १८५९ साली फ्रान्समध्ये शिशाच्या पत्र्यांची जी बॅटरी केली, तिचं रसायन आजही तेच आहे. उतरताना दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं. ताजं असेपर्यंत ते चार्जिंगने परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे खडे वाढतात, कडक होतात आणि मग कितीही करंट ढकला, ते पुरते परत येत नाहीत. ‘सप्टेंबरात येऊन एकदाच फुल चार्ज करू’ हा हिशेब तिथे फसतो. विसावलेल्या बॅटरीला मीटरवर १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. मी १२.४ च्या खाली जाऊ देत नाही. मात्र चार्जर काढल्याकाढल्या मीटर लावू नये, तेव्हा तो गोड खोटं बोलतो. रात्रभर थांबावं.

आता तो एकच प्लग. गाडीची जाड केबल बोर्डात खुपसली की झालं, असं मालकांना वाटतं. पण त्या केबलमागे फ्रिज असतो, कधी गिझर असतो आणि आतला साठ अँपिअरचा चार्जर असतो. उतरलेल्या बॅटरीवर तो चार्जर एकटाच हजार वॉटच्या आसपास ओढतो. त्यात पंप लागला की एमसीबी पडलाच. म्हणून गाडीची केबल मी गुंडाळूनच ठेवतो आणि चार-पाच अँपिअरचा छोटा चार्जर थेट टर्मिनलला लावतो. तो बोर्डातून ऐंशी वॉटच्या आतबाहेर घेतो, इस्त्रीच्या तुलनेत काहीच नाही. अर्धी बॅटरी भरायला दिवस-रात्र जाते, पण पावसाळ्यात घाई कोणाला आहे? पंपाची वेळ सोडून टायमरने एकेका गाडीची पाळी लावतो.

केबल न लावण्याचं आणखी एक कारण आहे. बऱ्याच गाड्यांत आतला चार्जर फक्त घराची बॅटरी भरतो, इंजिनाची नाही. महिनोन्महिने केबल लावून ठेवलेल्या गाडीत मग आत दिवे झगमगत असतात आणि सेल्फ मारला की ती नुसती टकटक करते.

चार्जर विकत घेताना मी एकच परीक्षा घेतो. दुकानातच प्लग ओढायचा आणि परत घालायचा. काही हुशार चार्जर वीज आली की आपल्या आपण सुरू होत नाहीत, बटण दाबायची वाट बघत बसतात. आमच्याकडे वाऱ्याने एक चुडत तारेवर पडलं की लाइट गेली. असला चार्जर जूनच्या पहिल्या आठवड्यात झोपतो आणि कोणाला कळतही नाही. वीज कडाडायला लागली की मात्र मी सगळे प्लग हाताने काढतो. पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरात, हे फार सांभाळावं लागतं.

शेडबाहेर पन्नास वॉटचं एक सोलर पॅनेल आहे. ‘दक्षिणेकडे तोंड करा’ हा सल्ला सगळे देतात. पण मोरजी साडेपंधरा अंशांच्या जरा वर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! मी पॅनेल जवळजवळ आडवं ठेवतो, शेवाळ धुऊन जाईल एवढाच उतार. जुलैच्या काळ्या दिवशी त्यावर लिहिलेल्या वॉटच्या दहा टक्के मिळाले, तरी दिवसाकाठी तीन अँपिअर-तास होतात. गळती आधी बंद केलेली असली की एवढं भरपूर. नसली तर छतभर पॅनेल घाला, जुलै पुरा पडू देणार नाही.

सतत चार्जिंगवर ठेवणंही मला पटत नाही. थंड देशांसाठी नेमलेला १३.८ चा फ्लोट आमच्या उकाड्यात जास्त होतो, तापमान वाढलं की तो थोडा खाली आणायला हवा. नाहीतर पाणी आटतं. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालता येतं, जेलमध्ये घालायला झाकणच नसतं. शिवाय चार्जिंगला लागलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा डिकीचं दार उघडं हवं, आणि दार उघडं म्हणजे उंदीर आत. वायर कुरतडायला त्यांना पावसाळ्यात फुरसतच फुरसत. टर्मिनलवर हिरवा थर यायला खाऱ्या वाऱ्याला दोन आठवडे पुरतात, म्हणून पेट्रोलियम जेलीचा डबा हायड्रोमीटरशेजारीच ठेवलेला असतो.

हल्ली लिथियम आलंय. फॉस्फेटवाली, चार सेलची. तिचा न्याय उलटा: निम्म्याच्या जरा वर ठेवावी, स्विचने तोडावी आणि विसरून जावं, अधूनमधून मीटर दाखवला की पुरे. ‘दादा, फुल करून ठेवलीय ना?’ म्हणून मालकांचे फोन येतात, त्यांना हे समजावताना माझी अर्धी दुपार जाते.

गणेश चवथीच्या आधी काहींना गाडी गावी न्यायची असते. तेव्हा मी व्होल्ट दाखवत नाही, सेल्फ मारून दाखवतो आणि मीटर मालकाच्याच हातात देतो. इंजिन फिरताना काटा दहाच्या खाली गेला, तर नवी बॅटरी घेऊनच जा म्हणतो, मग विसावलेली ती कितीही १२.७ दाखवो. एखादा मालक वाद घालतो, मागच्या वर्षीच घेतली होती म्हणतो. मग झाकणं उघडून हायड्रोमीटरने सहाही सेल त्याच्यासमोर तपासतो. पाच १.२४ च्या वर आणि सहावा खूप खाली असला, की बिल किती सालचं ते विचारायची गरज राहत नाही.