चार जंगले आणि चिंचेचे एक झाड

वाचकहो, आमच्यासारख्या कारकुनाचा प्रवास म्हणजे एलटीसी. रजा मंजूर करून घ्यायची, तिकिटांचा हिशेब जुळवायचा आणि मुलाबाळांना घेऊन गाडीत बसायचे. आम्ही उभयतांनी ठरविले की, दर खेपेला एक जंगल पाहायचे. आपल्या देशात बर्फ आहे, पाणथळ आहे, काटेरी रान आहे, सागवान आहे. मुलांनी हा भूगोल पुस्तकाबाहेर वाचावा, एवढाच हेतू होता.

पहिली खेप २०१० साली गीरची. जुनागढहून सासणला गेलो. बाभूळ-बोरीचे काटेरी रान, सुकलेला साग आणि धूळ. आशियाई सिंह मोकळा राहतो तो जगात या एकाच मुलखात. २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह भरले आणि त्यांतले अर्ध्याहून अधिक उद्यान-अभयारण्याच्या सीमेबाहेर आढळले. आम्हाला एक सिंहीण दिसली, मुले खूश झाली. पण माझ्या लक्षात राहिले ते मालधारींचे 'नेस', म्हणजे काट्यांच्या कुंपणातली चार-सहा घरे आणि म्हशी. एका आजीबाईंनी आम्हाला घट्ट दुधाचा चहा पाजला. एखादे ढोर सिंह नेतो, हे त्यांनी पावसाबद्दल बोलावे इतक्या सहज सांगितले.

तेथेच मला एक भेद उमगला. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे आपण एकाच अर्थाने बोलतो, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते वेगळे आहेत. अभयारण्यात वहिवाटीचे काही हक्क आणि चराई परवानगीने चालू राहू शकते. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत आणि माणसांचे हक्कही उरत नाहीत. गीरमध्ये दोन्ही आहेत. नेस उरले ते अभयारण्याच्या भागात. उद्यानाचा भाग माणसांपासून रिकामा झाला.

पुढची खेप २०१४ साली मणिपूरची. लोकटाक सरोवरात कैबुल लामजाओ हे सुमारे ४० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि ते चक्क पाण्यावर तरंगते! कुजलेले गवत, मुळे व माती यांचे जाड थर, त्यांना तेथे 'फुमदी' म्हणतात. त्यांवर संगाई हरणे चरतात. १९७५ साली ही हरणे अवघी १४ उरली होती. संरक्षणामुळे २०१६ च्या गणनेत ती २६० भरली. मात्र १९८३ साली इथाईचे धरण झाल्यापासून सरोवर बारमाही भरलेले राहते. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरले की फुमदी तळाला टेकत आणि गवताची मुळे मातीतून पोषण घेत. आता टेकणेच होत नाही, म्हणून थर पातळ होत चालले आहेत. हरणाला पारध्यापासून वाचविले, पण त्याच्या पायाखालची जमीनच विरघळते आहे.

२०१८ मध्ये हेमिसचा गोम्पा पाहावा म्हणून लडाखला गेलो. त्याच गोम्प्याच्या नावाचे राष्ट्रीय उद्यान तेथे आहे, क्षेत्रफळ सुमारे ४४०० चौरस किलोमीटर. झाड शोधून सापडत नाही असे उघडे डोंगर. हिमबिबट्या काही दिसला नाही. पण रुंबक गावी आम्ही एका मातीच्या घरात मुक्काम केला. गाव उद्यानाच्या आत आहे आणि आजही नांदते आहे. पूर्वी गोठ्यात शिरून बिबट्या मेंढ्या मारी, तेव्हा गाव त्याच्यावर चिडे. आता गोठ्यांवर जाळी आली, आणि बिबट्या पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचे पैसे घरात येतात. माणूस न हलविताही जनावर वाचते, हे मी तेथे डोळ्यांनी पाहिले.

घराजवळचे ताडोबा मात्र राहून गेले होते. तेथे गेलो २०२३ च्या उन्हाळ्यात. १९५५ सालचे हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. तलावाकाठी तारू या गोंड पुरुषाचे स्थान आहे. वाघाशी झुंजताना त्याला मरण आले अशी आख्यायिका आहे, आणि जंगलाचे नावही त्याच्यावरूनच पडले. जामणीच्या गवताळ मैदानाजवळ गाडी थांबली. चितळ चरत होते. मुलगी म्हणाली, "किती छान मैदान आहे!" गाइड हळूच म्हणाला, "मैदान नाही ताई, आमचं गाव होतं. ते चिचेचं झाड आमच्या आंगणातलं."

गाडीत कोणी बोलले नाही. जामणी, नवेगाव, बोटेझरी ही गावे २००७ नंतरच्या काळात बाहेर वसविली गेली. कोणी खुशीने गेले असतील, शाळा-दवाखाना जवळ आला म्हणून. पण आपल्याच अंगणात तिकीट असलेल्या पाहुण्यांना घेऊन यायचे, ही गोष्ट साधी नव्हे.

वाचकहो, मी वाघाच्या विरोधात नाही. म्हणूनच एक कायदा घरोघरी सांगा. २००६ चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानात व अभयारण्यातही लागू आहे. हक्क ठरविण्याचे काम पुरे झाल्यावाचून आणि ग्रामसभेच्या लेखी संमतीवाचून तेथून कोणाला हलविता येत नाही. आदिवासींखेरीज जी कुटुंबे आहेत, आणि जंगलकाठच्या गावांत त्यांत आपलीही पुष्कळ आहेत, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. इतका जुना कागद गरिबाच्या पेटीत कोठून असणार? पण दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते. दावे भरताना मी पाहतो, लोक तहसीलच्या कागदामागे धावतात आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विसरतात.

तेव्हा सुटीत गावी जाल, तर वही-पेन सोबत न्या. कोणते झाड कोणी लावले, विहीर कोणी खोदली, हे म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घ्या आणि खाली त्यांचा अंगठा घ्या. चिंच पुढेही उभी राहील, पण ती कोणाच्या अंगणातली हे सांगणारे फार काळ राहणार नाहीत.