वाकलेली माणसं चित्रात दिसत नाहीत

मंडळी, आज राजकारण थोडं बाजूला. वयाच्या पंचेचाळिशीत दर रविवारी जलरंग शिकतोय. शिकवणारे सर निवृत्त चित्रकला शिक्षक. डोंगर, झाडं, बांध हळूहळू जमतात. खरी परीक्षा असते त्यात माणूस उभा करण्याची.

सरांचा पहिला धडा एकदम साधा. सपाट रानात उभे राहिलात की क्षितिजाची रेघ तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. तुमच्याच उंचीचा माणूस जवळ असो की चार वावरं पलीकडे, त्याचेही डोळे त्याच रेघेवर येणार. लांब गेला की पाय वर सरकतात, डोकं तिथंच राहतं. दुसरा धडा: पायाशी सावली द्या, घोटे थोडे गवतात बुडवा. नाहीतर माणूस कात्रण चिकटवल्यासारखा दिसतो.

पण खुरपणाऱ्या बाया? त्या बसलेल्या, वाकलेल्या. म्हणजे सगळ्या रेघेच्या खाली. लांबून बघितलं तर ढेकळांतच मिसळून जातात. दाखवायच्या तर मुद्दाम दाखवाव्या लागतात. फ्रान्सच्या मिलेनं १८५७ मध्ये ते केलं. सरवा वेचणाऱ्या तिघी पुढे, मोठ्या. घोड्यावरचा मुकादम मागे, बोटभर. तिथल्या बड्या मंडळींना ते रुचलं नव्हतं. आपल्याकडे तर राबणाऱ्या बाईचं नाव बहुतेकदा सातबाऱ्यावरही नसतं.

हे इथं का लिहितोय? आपली पोरं स्मरणचित्रात शेत काढतात: दोन डोंगर, मधून सूर्य, फेटेवाला शेतकरी. आई रोज खुरपायला जाते, ती चित्रात नाही. बघायला शिकवणारं कुणी हवं ना! शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट १०० च्या वर असेल तरच. वाडी-वस्तीवरच्या शाळेनं १०० चा पट आणायचा कुठून?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात. पुढच्या बैठकीत एवढं मांडा: गावातल्या एखाद्या निवृत्त कलाशिक्षकाला महिन्यातून एक शनिवार बोलवा आणि पोरांना वही-पेन्सिल देऊन बांधावर बसवा. समोर दिसेल ते काढू दे.

तुमच्या गावच्या शाळेत चित्रकलेचा तास कोण घेतं? होतो तरी का? खाली लिहा. गावाचं नाव टाका, म्हणजे पाठपुरावा करता येईल.