अण्णांच्या गाडीचे नवे इंजिन

अण्णांनी 1968 साली घेतलेली फियाट आमच्या सांगलीच्या घरी अजून उभी आहे. तिच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला तेव्हा ती भंगारात द्यावी, असा सल्ला सर्वांनीच दिला. आई एवढेच म्हणाली, “अण्णांच्या गाडीतून एकदा बाहुबलीला जाऊन यायचंय.” प्रश्न तिथेच मिटला.

आमच्या जुन्या मिस्त्रींनी कुर्ल्याच्या बाजारातून प्रीमियर पद्मिनीचे इंजिन आणले. दोन्ही इंजिने 1089 सीसीची, एकाच घराण्यातली. बसवण्यास फारशी अडचण आली नाही. नोंदणीपुस्तकात नवा इंजिन क्रमांक चढवून घेण्यासच अधिक दिवस गेले. फरक होता तो एवढाच, की जुन्या इंजिनावर डायनॅमो होता आणि नव्यावर आल्टरनेटर. मिस्त्रींनी जुना कटआउट काढून नवी, जाड वायर ओढली.

कुंभोजला दर्शन उत्तम झाले. परतताना जयसिंगपूरजवळ पाणी पिण्यासाठी थांबलो आणि गाडी पुन्हा सुरूच होईना. स्टार्टर कण्हल्यासारखा फिरे आणि थांबे. रिक्षा मिळून घरी पोचेपर्यंत सूर्यास्त होऊन गेला होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई रात्री काही घेत नाही. ती तशीच उपाशी झोपली. मी मिस्त्रींना फोनवर नको ते बोललो. जुना माल गळ्यात मारलात, असेही म्हणालो आणि त्यांचे राहिलेले पाच हजार रुपये अडवून ठेवले.

बॅटरी नवी होती. चार्ज करून बसवली की दोन दिवस बरे, मग पुन्हा तेच. दिवे लावले की ते पिवळट जळत. माझा संशय अर्थातच त्या नव्या वायरीवर होता. शेवटी एक मल्टिमीटर आणून स्वतःच बसलो. इंजिन चालू असता आल्टरनेटरच्या स्वतःच्या दोन टोकांमध्ये चौदा व्होल्ट, पण बॅटरीवर जेमतेम साडेबारा. दीड व्होल्ट वाटेत कुठेतरी गहाळ होत होता. मिस्त्रींच्या वायरीच्या दोन्ही टोकांवर मीटर लावला. तिच्यात काहीच घट नव्हती.

बँकेत तेरीज जुळली नाही की नावेची बाजू दहादा तपासली जाई आणि चूक जमेत निघे. इथेही मी फक्त जाणारा प्रवाह पाहत होतो. तो परतही यावा लागतो, आणि मोटारीत तो लोखंडातूनच परततो. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते, म्हणून ते एका तांब्याच्या विणलेल्या पट्टीने बॉडीशी जोडावे लागते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे इंजिनाच्या ब्लॉकला लावून नातवाला स्टार्टर मारायला सांगितले. अर्ध्या व्होल्टच्या आत राहावा असा आकडा तीनच्या पुढे गेला. त्याच वेळी नातू ओरडला, “आजोबा, चोक भाजतोय!” पट्टीतून वाट न मिळालेला प्रवाह चोकच्या बारीक तारेतून परतत होता. तार वितळून आग लागली नाही, हे नशीब.

पट्टी जागेवरच होती, नटही घट्ट होता. मात्र बॉडीकडील टोकाखाली रंगाचा जाड, चकचकीत थर होता.

तो रंग माझा. इंजिन बाहेर काढलेलेच आहे तर आतली बाजूही रंगवून घ्यावी, हा आग्रह माझाच होता. मिस्त्री तेव्हा म्हणाले होते, “साहेब, अर्थिंगची जागा तेवढी कोरी ठेवा.” मी रंगाऱ्याला बजावले होते की एकही डाग उघडा दिसता कामा नये.

नट काढून पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा पत्रा चमकेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून आवळली, वर व्हॅसलीन लावले. स्टार्टर पहिल्याच फिरकीत गरजला. आकडा शून्याच्या जवळ आला आणि चोकची तार गार राहिली. सगळा खर्च दहा रुपये.

क्षमावणीला अजून दोन महिने होते. तितकी वाट पाहणे मला जमले नाही. त्याच संध्याकाळी पाच हजारांचे पाकीट घेऊन गॅरेजवर गेलो आणि घडले ते सांगितले. मिस्त्रींनी पाकीट न मोजता खिशात ठेवले. हात पुसत त्यांनी विचारले, “आईसाहेब त्या दिवशी जेवल्या नव्हत्या ना?”